नोकरी सोडून शेळीच्या दुधाचे चीज करायचे असेल तर

शेळीच्या चीजचा उद्योग काढण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, की मी पहिला प्रश्न विचारतो तो दुधाचा. चीज कसे करावे हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, आणि श्रीखंडासाठी चक्का बांधणाऱ्या घराला ताजे मऊ चीज फारसे परके वाटण्याचे कारणही नाही; परंतु ठाण्यात राहून रोज वीस लिटर स्वच्छ, थंड आणि बोकडाचा वास नसलेले शेळीचे दूध कुठून आणणार, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याने राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेऊ नये. मी स्वतः हा प्रश्न उशिरा विचारला. तेवीस वर्षे विमा कंपनीत दावे तपासण्याचे काम केल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी, मी आधी वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेतला, मग पातेली घेतली आणि दूध शोधायला सर्वांत शेवटी बाहेर पडलो. त्या तीन-चार महिन्यांच्या फुकट गेलेल्या भाड्याची नोंद माझ्या वहीत अजून आहे. पुढचा मजकूर म्हणूनच मी केले त्याच्या उलट क्रमाने लिहिला आहे.

दूध

आपल्या भागात शेळी दुधासाठी पाळली जात नाही, हे प्रथम समजून घ्यावे. शहापूर, मुरबाड, कर्जत या पट्ट्यात अनेक घरांत चार-सहा शेळ्या असतात, पण त्या करडांसाठी आणि अडीअडचणीला विकून पैसा उभा करण्यासाठी. धाराशिवकडची काळी उस्मानाबादी शेळी दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर दूध देते आणि तिची ख्याती मुख्यतः मांसासाठी आहे. सिंधुदुर्गातील कोकण कन्याळही मुख्यतः मांसाचीच. अहिल्यानगर, पुणे आणि नाशिक या भागांतील संगमनेरी दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळतात. खऱ्या दुधाळ जाती बाहेरच्या: गुजरातेतील सुरती, पंजाबातील बीटल, उत्तर प्रदेशातील जमनापारी. त्या विकत आणून कोकणच्या पावसात ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु शेळीला ओल सोसत नाही; जमिनीपासून उंच, फटी असलेले माचाण, कोरडा पाला, जंतांवर वेळेवर औषध आणि खुरांची निगा यांशिवाय चार महिन्यांत कळप खंगतो.

हिशेब असा मांडावा. गावठी शेळी सरासरी एक लिटर दूध देते असे धरले आणि कळपातील निम्म्या शेळ्या कोणत्याही वेळी गाभण किंवा भाकड असतात असे मानले, तर रोजच्या वीस लिटरसाठी चाळीस शेळ्या, त्यांचा वाडा, चाऱ्याची जमीन, दोन माणसे आणि एक पशुवैद्य लागतो. हा चीजचा उद्योग नव्हे, शेळीपालनाचा उद्योग आहे, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या, शहरात वाढलेल्या माणसाने दोन अनोळखी उद्योग एकाच वर्षी सुरू करू नयेत असे माझे ठाम मत आहे. शेळ्या विकत घेण्याऐवजी शेळ्या असलेली सहा-आठ घरे शोधावीत. शहराच्या हद्दीत, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत चार शेळ्या बांधण्याची कल्पना तर मनातही आणू नये.

घरे शोधणे म्हणजे दर सांगून मोकळे होणे नव्हे. किन्हवलीच्या बाजूला एका अंगणात मी पहिल्यांदा विचारले, “मावशी, रोज सकाळी दूध द्याल का? दर चांगला देईन.” त्यांनी पाल्याची मोळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “दूध तुम्हाला दिलं तर करडू काय पिणार? अन् करडू वाढलं नाही, तर ईदेला विकू काय?” या दोन वाक्यांत जिल्ह्यातील शेळीपालनाचे सगळे अर्थशास्त्र आले. बोकडाची किंमत बकरी ईदेच्या आधी चढते, आणि वर्षाची मोठी रक्कम त्या घराला तेव्हाच मिळते. तिला धक्का लावणारा कोणताही दुधाचा दर त्यांना परवडत नाही. अखेर आमचे जमले ते असे: करडू दोन महिन्यांचे होईपर्यंत दूध मागायचे नाही; त्यानंतर रात्री करडांना वेगळे कोंडायचे, सकाळची एक धार मला, आणि दिवसभर करडू आईपाशी. दूध निम्मे मिळते, पण घर टिकते. करडांना रात्री जो थोडा खुराक लागतो तो मी देतो. ज्यांना मांसाच्या व्यवहाराशी दुरूनही संबंध नको असेल, त्यांनी इथेच थांबून विचार करावा, कारण जन्मलेल्या नरांचे काय होते हे या धंद्यात कोणापासून लपत नाही.

स्वच्छतेचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. धार काढण्यापूर्वी सड पुसून कोरडे करावेत, पहिल्या दोन धारा वेगळ्या भांड्यात काढून दुधात गाठी किंवा रक्त दिसते का ते पाहावे, आणि बोकड त्या वेळी वाड्यात असू नये. बोकडाच्या अंगाचा दर्प उघड्या दुधात चटकन उतरतो. मात्र चीजला येणारा उग्र वास नेहमी बोकडाचाच असतो असे नाही: शेळीच्या दुधातील स्निग्धाचे कण बारीक असतात, आणि दूध फार हिंदकळले किंवा कोमट राहिले की त्या स्निग्धाचे विघटन होऊन कॅप्रिक, कॅप्रिलिक, कॅप्रोइक ही आम्ले सुटी होतात. ही तिन्ही नावे लॅटिन ‘कॅप्रा’, म्हणजे शेळी, या शब्दावरूनच आलेली आहेत. म्हणून कॅन तोंडापर्यंत भरावा, त्याला बर्फात बसवावे आणि दोन तासांच्या आत दूध चार अंशांपर्यंत उतरवावे. शहापूरहून महामार्गाने येताना मानकोलीला गाडी अडकली, तर त्या अर्ध्या तासाचा परिणाम तिसऱ्या दिवशी चीजच्या चवीत कळतो. मी आता पहाटे सहाच्या आत तिथून निघतो.

व्यायल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस दूध घेऊ नये. खरवस आवडणाऱ्यांना चिकाचे महत्त्व सांगायला नको, पण चीजला तो चालत नाही आणि करडाला त्याच्याशिवाय चालत नाही.

औषधांचा धडा मला माझ्या खर्चाने मिळाला. एका आठवड्यात सलग दोन दिवस विरजण लागेना. अठरा तासांनंतरही पातेल्यात दूध तसेच, नुसते किंचित आंबूस. विरजण जुने झाले असे समजून मी नवीन मागवले, फ्रीज तपासला, तापमापक बदलला. तिसऱ्या दिवशी कळले की एका घरातील शेळीला कासदाह झाला होता, तिला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले होते आणि तिचे दूध नेहमीप्रमाणे कॅनमध्ये ओतले जात होते. चूक त्यांची नव्हती. मी कधी विचारलेच नव्हते. तेव्हापासून प्रत्येक घरी एक खडू दिला आहे. औषध दिलेल्या शेळीच्या खुंट्यावर पांढरी रेघ ओढायची, तिचे दूध वेगळे काढायचे, आणि त्या दुधाचेही पैसे मी द्यायचे. पैसे दिले नाहीत तर रेघ ओढली जात नाही. शिवाय कॅन उतरवल्यावर प्रतिजैविक तपासणारी पट्टी वापरतो. पट्टी महाग वाटते, पण वीस लिटर दूध फेकण्यापेक्षा स्वस्त पडते. दुधाची ताजेपणाची परीक्षा मी पीएच मीटरने, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या उपकरणाने, करतो, आणि साडेसहापेक्षा कमी पीएच असलेले दूध परत पाठवतो. गाईच्या दुधासाठी डेअरीत जी अल्कोहोलची चाचणी करतात ती शेळीच्या दुधावर भरवशाची नाही, कारण चांगले ताजे दूधही तिच्यात फुटते.

कच्च्या दुधाचे चीज करण्याचा विचार पुस्तके वाचून आलेल्यांच्या मनात हमखास येतो. तो सोडून द्यावा. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ज्या तापाने ब्रिटिश सैनिक आजारी पडत, त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये वेगळा केला, आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लिस झामित यांनी १९०५ मध्ये दाखवले. तो आजार, म्हणजेच ब्रुसेलोसिस, आपल्याकडील जनावरांतही आढळतो. कळपाची रक्ततपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी, आणि तपासणी झाली तरी दूध पाश्चराइज करावेच.

दुधाच्या दराबाबत एक सूचना. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की शेळीचे दूध प्यायल्याने प्लेटलेट वाढतात या समजुतीपायी शहरातून माणसे गाड्या घेऊन गावात येतात आणि मागाल तो दर देतात. या समजुतीला वैद्यकीय आधार नाही, पण दर मात्र खरा असतो. अशा वेळी आपल्या घरांनी दूध तिकडे वळवले तर रागावू नये. वर्षभराचा एकच ठरलेला दर, दर शनिवारी रोख, आणि साथीच्या दिवसांत थोडा वाढवून, एवढे केले तर बहुतेक घरे परत येतात.

चक्क्यापासून चीजपर्यंत

सुरुवात एकाच प्रकाराने करावी: ताजे, मऊ, न मुरवलेले चीज, ज्याला फ्रेंचमध्ये शेव्ह्र म्हणतात. दहा लिटर दूध दुहेरी तळाच्या स्टीलच्या पातेल्यात सावकाश ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्या तापमानावर ३० मिनिटे ठेवावे आणि मग पातेले बर्फाच्या पाण्यात बसवून दूध २४ अंशांपर्यंत उतरवावे. यात मेसोफिलिक, म्हणजे मध्यम तापमानात वाढणाऱ्या जिवाणूंच्या, विरजणाची पूड वरून भुरभुरावी, पाच मिनिटे ती भिजू द्यावी आणि हलक्या हाताने ढवळावी. त्यानंतर उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात रेनेटचे, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याचे, चार-पाच थेंब मिसळून घालावेत. एवढे थोडे रेनेट दूध लगेच घट्ट करण्यासाठी नसते, आंबटपणाने बसणाऱ्या दह्याला थोडा आधार देण्यासाठी असते. पातेले झाकून चौदा ते अठरा तास हलवू नये.

घरच्या दह्याचे विरजण का चालत नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दह्यातील जिवाणूंना ४० अंशांच्या आसपासची ऊब मानवते, आणि त्यांनी बसवलेल्या दुधाला शेवटी दह्याचीच चव येते. मेसोफिलिक जिवाणू २२ ते ३० अंशांत हळूहळू काम करतात आणि लोण्यासारखी सौम्य चव देतात. रेनेट वासराच्या जठरातले नको, सूक्ष्मजीवजन्यच घ्यावे. ठाणे, मुलुंड, घोडबंदर रोड या भागांतील जैन आणि गुजराती ग्राहक पहिला प्रश्न त्याबद्दल विचारतात, आणि हिरव्या खुणेचा प्रश्नही त्यानेच सुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढल्यावर जे दिसते ते नीट ओळखायला शिकावे. दही पातेल्याच्या कडेपासून सुटून आत आलेले असते, त्याच्यावर बोटभर फिकट हिरवट निवळी उभी असते, पृष्ठभाग चिनी मातीसारखा गुळगुळीत असतो आणि सुरी घालून उचलल्यास भेग स्वच्छ पडते. पीएच ४.५ ते ४.६ च्या दरम्यान असावा. पृष्ठभागावर बुडबुडे, आतून स्पंजासारखी जाळी, किंवा दही वर तरंगलेले दिसले, तर दुधात बाहेरचे जंतू शिरून वायू तयार झाला आहे. ते चाखून न पाहता फेकावे आणि भांड्यांपासून सगळे पुन्हा धुवावे.

हे दही गाईच्या दुधाच्या दह्यापेक्षा नाजूक असते, कारण शेळीच्या दुधात अल्फा-एस-वन केसीन हे प्रथिन कमी असते. म्हणून ते पळीने पातळ थर घेत फडक्यात उतरवावे. ओतले की त्याचा चुरा होतो आणि निम्मा माल निवळीबरोबर जातो. आईने चक्का बांधताना फडके पिळलेले पाहिले असेल, तर ती सवय इथे विसरावी लागते. दहा-बारा तास आपल्या वजनाने निथळू द्यावे, मग वजनाच्या सव्वा टक्का बारीक मीठ मिसळावे. दहा लिटर दुधातून पावणेदोन किलोच्या आसपास चीज मिळते. ते दुधासारखे पांढरेशुभ्र असते, कारण शेळी चाऱ्यातील कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते. पिवळसर झाक दिसली तर कोणीतरी गाईचे दूध मिसळले आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरा प्रकार सहा महिन्यांनी घ्यावा, आणि तो मिठाच्या पाण्यात ठेवायचा असावा. बुरशीचे कवच असलेले, मुरवलेले चीज पहिल्या वर्षी करू नये. त्यासाठी १० ते १३ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता सतत राखावी लागते. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत आर्द्रता फुकट मिळते खरी, पण तिच्याबरोबर काळ्या-हिरव्या बुरशीचे बीजाणूही येतात, आणि एकदा ते भिंतीत बसले की खोली रिकामी करावी लागते.

जागा आणि गारवा

मे महिन्यात गाळ्याचे तापमान ३४ अंशांपर्यंत जाते आणि आपल्याला २४ हवे असते, एवढ्यातच यंत्रसामग्रीचा प्राधान्यक्रम ठरतो. पहिला खर्च एसीचा आणि इन्व्हर्टरचा, दुसरा दोन स्वतंत्र फ्रीजचा, तिसरा चांगल्या पीएच मीटरचा. चकचकीत साचे आणि छापील खोके शेवटी. महावितरणच्या देखभालीसाठी वीज ज्या दिवशी जाते तो वार विचारून घ्यावा आणि त्याच्या आदल्या दिवशी विरजण लावू नये. तापमापक महिन्यातून एकदा बर्फाच्या आणि उकळत्या पाण्यात तपासावा.

घरच्या स्वयंपाकघरात सराव करावा, विक्रीचा माल करू नये. माझ्या सरावाच्या काळात चार घाण्यांना फळांसारखा, किंचित दारूसारखा वास आला. कारण शोधता शोधता नजर गेली ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यातील इडलीच्या पिठाकडे. आंबवलेले पीठ, पाव, घरचे दही यांतील यीस्ट हवेतून, फडक्यांतून, हातांवरून चीजपर्यंत पोहोचते. गाळा लहान चालेल, तीनशे चौरस फुटांचाही पुरतो, पण फरशीला मोरीकडे उतार, धुता येणारी भिंत आणि बाहेरच्या चपला आत न येण्याची शिस्त हवी. मोरी हीच सर्वांत धोक्याची जागा, कारण लिस्टेरिया हा जंतू ओल्या, थंड कोपऱ्यात टिकतो आणि फ्रीजच्या तापमानातही वाढतो. मऊ चीजमध्ये त्याचा धोका गरोदर स्त्रियांना विशेष असतो. म्हणून दर काही आठवड्यांनी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा, आणि चीज किती दिवस टिकते हे अंदाजाने नव्हे, त्याच अहवालावरून ठरवावे. माझे वेष्टन १२ दिवस सांगते.

निवळी हा दुर्लक्षित विषय आहे. वीस लिटर दुधातून सोळा लिटरच्या वर निवळी निघते, आणि ती गटारात सोडणे पाण्याच्या दृष्टीने फार वाईट, कारण तिच्यातील सेंद्रिय भार सांडपाण्याच्या कितीतरी पट असतो. मी रिकाम्या कॅनमधून ती परत गावात नेतो. पिठात कालवून जनावरांना देतात. नॉर्वेमध्ये निवळी आटवून तपकिरी, गोडसर ब्रुनोस्ट करतात; मुंबईच्या एलेफ्थेरिया या चीज कंपनीने केलेल्या ब्रुनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळाले. त्याचा मोह मलाही आहे, पण तासन्‌तास जळणारा गॅस पाहून मी तो पुढे ढकलला आहे.

कागदपत्रे

येथे घाबरण्यासारखे फारसे नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर नोंदणी किंवा परवाना घ्यावा. यांपैकी काय लागते ते उलाढालीवर ठरते, आणि अर्ज भरण्याच्या दिवशीची मर्यादा तिथेच पाहून घ्यावी. मिळणारा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो; त्यासोबत घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख, साठवणुकीचे तापमान आणि उत्पादकाचा पत्ता. ‘शेळीचे दूध’ हे शब्द लहान अक्षरांत दडवू नयेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते आणि ती करावीच, याचे कारण पुढे येईल. चीजवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, परंतु परराज्यात एक डबा पाठवायचा झाला तरी ती लागते. कर्ज घेणार असाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेची चौकशी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली.

पैसा आणि गिऱ्हाईक

पुढील आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा, महिन्यातील २६ दिवस रोज २० लिटर दूध १०० रुपये दराने घेतले. दुधाचे ५२,००० रुपये झाले, आणि चीज सुमारे ९० किलो. त्यातील आठ किलो नमुने, नासाडी आणि परत आलेला माल यांत गेले असे धरू. उरलेले ८२ किलो सरासरी १,५०० रुपयांनी विकल्यास १,२३,००० रुपये येतात. दूध वजा जाता राहिले ७१,०००. गाळ्याचे भाडे २०,०००, मदतनीस १५,०००, वीज ८,०००, वाहतूक ९,०००, वेष्टन, विरजण आणि तपासण्या ९,०००: एकूण ६१,०००. मालकाच्या हाती दहा हजार रुपये. हा आकडा पाहून ज्यांचा विचार बदलतो त्यांचे वेळेवर भले झाले असे मी मानतो. हे गणित सुधारते ते दूध वाढवून नव्हे, तर किरकोळ विक्रीचे प्रमाण वाढवून, कारण भाडे आणि माणूस तेवढेच राहून किलोमागे मिळणारा दर वाढतो.

हॉटेले हवीत, पण निम्म्याहून अधिक माल त्यांच्यावर अवलंबून ठेवू नये. बीकेसी किंवा लोअर परळच्या आचाऱ्याला दर मंगळवारी पाच किलो, तेच मीठ, तोच ओलावा लागतो. एक खेप चुकली की तो आयात मालाकडे वळतो. शिवाय पैसे उशिरा मिळतात. एका हॉटेलने माझी तीन बिले पाच महिने अडवली होती. तेव्हा उद्यम नोंदणी कामाला आली: २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास व्याज लागते. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि त्या कलमाचा उल्लेख छापू लागल्यापासून भांडावे लागलेले नाही.

किरकोळ विक्रीसाठी सोसायटीतील प्रदर्शने मला सर्वांत फलदायी ठरली. पहिल्या प्रदर्शनात बिस्किटांवर चीज लावून ठेवले होते, आणि लोक लांबूनच पाहून जात होते. एका आजींनी विचारले, “याला मटणाचा वास तर नाही ना येत?” मी चाखायला दिले, त्या म्हणाल्या, “हा तर खारा चक्का.” पुढच्या वेळी मी बिस्किटे काढली आणि ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, वर चीज, वर हिरव्या मिरचीचा ठेचा असे ताट ठेवले, दुपारी दोनपर्यंत माल संपला. थालीपिठाबरोबर ते लोण्याच्या जागी बसते. शंभर ग्रॅमचे डबे करावेत, कारण अनोळखी पदार्थावर कोणी पाव किलोचे पैसे घालत नाही. श्रावणात विक्री मंदावते असे मला वाटले होते. तसे झाले नाही.

राजीनामा

तो सर्वांत शेवटी. नोकरीत असताना एक संपूर्ण वर्ष शनिवार-रविवार हे काम करावे, आणि त्या वर्षात एक पावसाळा आलाच पाहिजे. रजा शिल्लक असेल तर ती शिकण्यासाठी वापरावी: शेळीविषयी मथुरेजवळील मखदूमची केंद्रीय बकरी अनुसंधान संस्था आणि आपल्याकडे फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, दुग्धप्रक्रियेसाठी कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था, आजारांविषयी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. घरखर्चाची दीड वर्षाची तरतूद वेगळ्या खात्यात ठेवावी आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नये. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर जोडीदाराच्या पगारातून तो भागतो का, हे दोघांनी एकत्र बसून कागदावर पाहावे. माझ्या बाबतीत पत्नीनेच तो कागद मांडला आणि माझी तारीख आठ महिने पुढे ढकलली. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोटिशीच्या काळातच करावा. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला मधुमेह किंवा रक्तदाब असताना नवी पॉलिसी सहज मिळत नाही, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पुष्कळदा पाहिले आहे.

तारीख ठरवताना शेळ्यांचे वेळापत्रक पाहावे. आमच्या घरांतील अनेक शेळ्या पहिल्या पावसानंतरच्या हिरव्या चाऱ्यावर माजावर येतात आणि पाच महिन्यांनी, दिवाळीच्या पुढेमागे वितात. करडांचे दोन महिने सोडल्यास दुधाची खरी आवक जानेवारीपासून, आणि उन्हाळ्याच्या शेवटी ती आटते. आटत्या दिवसांसाठी दूध नव्हे, तर निथळलेले बिनमिठाचे दही गोठवून ठेवावे; ते वितळल्यावरही चांगले चीज होते. म्हणजे शेवटचा कामाचा दिवस डिसेंबरअखेर हवा, आणि नोटिशीचा काळ नव्वद दिवसांचा असेल तर पत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात द्यावे लागते.